साडेचार कोटींतली अव्वा

शेजारची लावण्या राज्यसेवेचा अभ्यास मोठ्यानं म्हणत करते. त्या संध्याकाळी वीज गेली होती. समोरच्या कारखान्यातले माग थांबले की आमच्या गल्लीत माणसांचे आवाज ऐकू येतात, एरवी सगळं त्या खटखटीत बुडालेलं असतं. ओट्यावर बसून ती वस्त्रोद्योगाचे आकडे घोकत होती. सकल देशांतर्गत उत्पादनात २.३ टक्के, औद्योगिक उत्पादनात १३ टक्के, निर्यातीत १२ टक्के, थेट रोजगार साडेचार कोटी, शेतीखालोखाल दुसरा क्रमांक. तिची आज्जी, जिला सगळी गल्ली अव्वा म्हणते, उंबऱ्यापाशी टॉवेलांचा ढीग घेऊन बसली होती. टॉवेल पायावर पसरायचा, कडेनं बोट फिरवायचं, सुटलेला धागा बोटाला लागला की कातरीनं उडवायचा, घडी घालून डाव्या हाताला ठेवायचा. उजेड कमी झाला तरी तिचं काम थांबत नाही, कारण ते डोळ्यांपेक्षा बोटांनीच चालतं. आकडे ऐकता ऐकता तिनं कातर खाली ठेवली आणि विचारलं, "त्या साडेचार कोटीत मी हाय का ग? बग की जरा पुस्तकात."

लावण्या हसली, "असशील की अव्वा" म्हणाली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली. मी माझ्या दारात उभा राहून ऐकत होतो. अव्वानं थट्टेत विचारलं नव्हतं. रेशन कार्डावर नाव आहे का, मतदार यादीत आहे का, हे ती ज्या स्वरात विचारते त्याच स्वरात तिनं हेही विचारलं होतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या छोट्या कारखानदारांचे हिशेब लिहितो. सोलापुरात कारखाना म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापुढे चिमणी येत असेल, पण आमच्याकडे घराच्या मागच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा माग टाकले की तो कारखाना. वस्त्रोद्योग मंत्रालयाचा वार्षिक अहवाल मी दरवर्षी वाचतो, निदान यंत्रमाग आणि निर्यातीची प्रकरणं तरी. कुणी सांगितलं म्हणून वाचत नाही. ज्या खात्याच्या एका निर्णयानं माझ्या वह्यांतले आकडे हलतात, त्या खात्यानं वर्षभर काय केलं हे कळावं असं वाटतं. अव्वाच्या प्रश्नानंतर मी जुने-नवे अहवाल पुन्हा काढले, आणि एक गोष्ट, जी आधीही दिसत होती, ती पहिल्यांदा टोचली. साडेचार कोटी हा आकडा किती तरी वर्षं तोच आहे. नोटाबंदीच्या आधी तो साडेचार कोटी होता. जीएसटी आला तेव्हाही साडेचार कोटी. टाळेबंदीत आमच्या गल्लीतले माग महिनोन्‌महिने बंद होते, तेलंगणातून आलेली कुटुंबं सामान बांधून गावाकडे गेली, काही परत आलीच नाहीत, आणि त्यानंतरच्या कागदांतही साडेचार कोटीच. निर्यातीचा आकडा दशांशापर्यंत बदलतो. कापसाच्या गाठी लाखांत वर-खाली होतात. योजनांवरचा खर्च तिमाहीनं हलतो. माणसांचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

ज्याची मोजदाद खरोखर होते ते वाढतं किंवा घटतं. वर्षानुवर्षे तिथंच राहतो तो आकडा कुणी मोजलेला नसतो, पुढच्या पानावर उतरवलेला असतो.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. भोंगा झाला की घरातून निघायचे, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पितळी बिल्ला असायचा. त्यावर कोरलेल्या नंबरावरून बोट फिरवायला मला लहानपणी आवडायचं. त्या नंबरावर हजेरी, त्या नंबरावर प्रॉव्हिडंट फंड, आजारपणाचा विमा, बोनस, सगळं. मिलमधलं आयुष्य सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. वडिलांच्या कानाला शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं, रात्री खोकला लागला की छातीतून तूस बाहेर पडतंय असं आईला वाटायचं. पण सरकारला, कंपनीला, युनियनला, कुणालाही विचारा, हा माणूस आहे हे कागदावर होतं. १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून या शहराला नंबरानं ओळखल्या जाण्याची सवय होती. नव्वदच्या दशकात गिरण्या बंद पडत गेल्या. काही जणांनी रिक्षा घेतली, काही जण भाजीच्या गाडीवर उभे राहिले, बरेच जण यंत्रमागावर गेले. काम तेच राहिलं, ताणा-बाणा तोच, हातही तेच. बिल्ला मात्र गेला. एका गिरणीच्या आवारात जी हजारो माणसं एका रजिस्टरात मावत होती, ती शेकडो पत्र्यांच्या शेडमध्ये विखुरली, आणि प्रत्येक शेडमध्ये एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही आली. त्यातल्या काही वह्या मी लिहितो.

त्या वहीतला एक रकाना मी तुम्हाला दाखवतो. आठवड्याच्या पगाराला पहिला रकाना नावाचा, दुसरा नगाचा, म्हणजे किती टॉवेल किंवा किती चादरी उतरल्या, तिसरा दराचा, चौथा रकमेचा. पाचवा रकाना उचलीचा. उचल म्हणजे कामगारानं आधी घेतलेले पैसे, ते दर आठवड्याला थोडे थोडे कापले जातात. कुणाची उचल कधी वाढली हे मी तारखेवरून सांगू शकतो. जून महिन्यात वाढते, शाळेची फी आणि पुस्तकं. नारळी पौर्णिमेच्या आसपास वाढते, मार्कंडेयांचा रथ निघतो, पाहुणे येतात, घरात गोडधोड होतं. या उचलीची मला काळजी वाटत नाही, ती चार-सहा आठवड्यांत फिटते. भीती वाटते ती अशा नावांची, जिथं सण नाही, लग्न नाही, आणि तरीही पाचवा रकाना दर आठवड्याला थोडा थोडा फुगत जातो. त्या घरी कुणीतरी आजारी असतं, किंवा दर अपुरा पडू लागलेला असतो, किंवा माग रोज तीन तास विजेअभावी उभा असतो आणि नगच उतरत नसतात. बारा तासांची पाळी करून, चार मागांमध्ये येरझाऱ्या घालून, माणूस आठवड्याच्या शेवटी कारखानदाराचा आणखी थोडा देणेकरी होऊन घरी जातो. त्यात कारखानदार दरवेळी खलनायक असतो असंही नाही. सुताचा भाव चढलेला, टॉवेलाचा व्यापारी नव्वद दिवसांनी पैसे देणारा, विजेचं बिल दारात. त्याची स्वतःची उचल बँकेत असते. आर्थिक कल्याण हा शब्द मी अहवालात वाचतो तेव्हा मला हा पाचवा रकाना आठवतो. देशातल्या सगळ्या माग-गावांमधल्या पाचव्या रकान्याची बेरीज कुणी केली, तर कोणत्या वर्षी मंत्रालयाचं काम बरं झालं हे एका ओळीत कळेल.

आता खात्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वस्त्रोद्योग मंत्रालयाला ५,२७२ कोटी रुपये मिळाले, आदल्या वर्षीच्या ४,४१७ कोटींपेक्षा एकोणीस टक्क्यांनी जास्त. खातं झोपलेलं नाही. सर्वांत मोठी उडी होती उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत, सुधारित अंदाजातल्या ४५ कोटींवरून थेट १,१४८ कोटी. ही योजना २०२१ मध्ये १०,६८३ कोटींची म्हणून जाहीर झाली तेव्हा आमच्या संघटनांच्या बैठकीत लोक आशेनं वाचायला बसले होते. पहिल्या गटासाठी किमान गुंतवणूक ३०० कोटी, दुसऱ्यासाठी १०० कोटी. आणि ती होती कृत्रिम धाग्याच्या कापडासाठी, तयार कपड्यांसाठी आणि तांत्रिक वस्त्रांसाठी. सोलापूर म्हणजे सुती. चादर सुती, टॉवेल सुती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अटी शिथिल करून १५० आणि ५० कोटींवर आणल्या. माझ्या वह्यांमधला सगळ्यात मोठा कारखानदार आपल्या शेडसकट, मागांसकट, राहत्या घरासकट विकला गेला तरी त्यातला छोटा आकडाही भरणार नाही. पीएम मित्र पार्क, म्हणजे केंद्राची मोठी वस्त्रोद्योग संकुलं, सात जाहीर झाले, महाराष्ट्राचं अमरावतीला गेलं. तिथं कापूस पिकतो, विदर्भाला त्याची गरज आहे, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण यंत्रमागासाठी म्हणून आखलेली पॉवरटेक्स योजना २०१७ मध्ये गाजावाजा करून आली आणि काही वर्षांत संपली. १९९९ पासून चालत आलेली तंत्रज्ञान सुधारणा निधीची योजना वेगवेगळ्या नावांनी २०२२ च्या मार्चपर्यंत चालली, त्यानंतर जुनी देणीच चुकती होत राहिली. म्हणजे आमच्या मापाच्या योजना बंद होत गेल्या आणि ज्या उघडल्या त्यांचं दार आमच्या उंचीला लागत नाही. खर्च झाला, उद्दिष्ट गाठलं, टक्केवारी चांगली आली, असं अहवालात खरंच लिहिता येईल. ते खोटं नसेल. आमच्या गल्लीत तरीही जुना माग जुनाच राहील.

मग मी हातमागाच्या प्रकरणाकडे वळलो, आणि तिथं मला अव्वा सापडली. म्हणजे आजची नाही, तरुणपणीची.

हातमागाची निदान दारोदार गणना होते. १९९५-९६ मध्ये देशात विणकर आणि सहायक कामगार मिळून ६५.५ लाख होते. २००९-१० मध्ये ४३.३१ लाख. २०१९-२० च्या चौथ्या गणनेत ३५.२२ लाख, त्यात विणकर २६.७३ लाख आणि सहायक कामगार ८.४८ लाख. विणकरांमध्ये बहात्तर टक्क्यांच्या आसपास बायका. सहायक म्हणजे कांडी भरणारे, ताणा करणारे, सूत रंगवणारे. अव्वा लग्न होऊन साखर पेठेत आली तेव्हा तिच्या सासऱ्यांचा घरात हातमाग होता आणि ती चरख्यावर कांड्या भरायची. ती सांगते, सुताला खळ लावलेली असायची, हाताला तिचा आंबूस वास रात्री जेवतानाही जायचा नाही, नवरा म्हणायचा तुझ्या हातच्या भाकरीलाही खळीचा वास येतो. त्या काळात गणना करणारा दारात आला असता तर तिचं नाव सहायक कामगार म्हणून लागलं असतं. पुढं हातमाग विकला, भंगाराच्या भावानं. ती यंत्रमागाच्या टॉवेलांचे धागे काढायला बसली. हेमिंग, धागे काढणं, घड्या, पॅकिंग. काम त्याच उंबऱ्यात, त्याच बैठकीवर, फक्त माग बदलला आणि मोजणाऱ्यांच्या यादीतून ती निघाली. यंत्रमागाकडे वळलं की अहवालाची भाषा मागांची, मशिनरीची आणि अनुदानाची होते.

हातमागाच्या त्या घसरत्या आकड्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्यात एक प्रामाणिकपणा आहे. ते लपवत नाहीत की वीस-पंचवीस वर्षांत तीस लाख माणसं या धंद्यातून उठून गेली. ते कळल्यामुळे निदान कुणीतरी विचारू शकतं की ती कुठं गेली. अर्थात विचारणारी जागाही हवी. विणकरांचे प्रतिनिधी जिथं बसायचे ते अखिल भारतीय हातमाग मंडळ सरकारनं २७ जुलै २०२० ला बरखास्त केलं, ऐन टाळेबंदीच्या वर्षात, ७ ऑगस्टच्या राष्ट्रीय हातमाग दिनाला दहा-अकरा दिवस राहिले असताना. मंडळ फार काही करत नव्हतं असं अनेक जण म्हणतात. असेल. पण बोलायची जागा नीट चालत नसेल तर ती चालवायची असते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते अव्वाच्या फळीवरच्या एका डब्यानं. त्यात तिचं विडी कामगार म्हणून मिळालेलं ओळखपत्र आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. पूर्व भागात हे घरोघर आहे. पुरुष मागावर, बाई विड्या वळायला, आणि मधल्या वेळात टॉवेल. अव्वानं आयुष्यभर दोन्ही केलं. विड्यांचं पान भिजवायचं, कात्रीनं साच्याबरहुकूम कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, दुपारी टोपली घेऊन कारखान्यात जायचं, तिथं मुनीम छाट काढणार, म्हणजे नापास विड्या बाजूला टाकणार, आणि त्यांचे पैसे नाहीत. वाईट काम, छातीला वाईट, आणि मजुरी हजाराच्या मापानं. तरीही तिच्या दोन धंद्यांपैकी याच धंद्यानं तिला कागद दिला. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा होता, १९७६ चा कल्याण निधी होता, म्हणून तिला कार्ड मिळालं, दवाखाना मिळाला, मुलाला शाळेत असताना शिष्यवृत्ती मिळाली. त्या ओळखीवरच बायका संघटित झाल्या, लाल बावट्याच्या मोर्चांना गेल्या, त्यांचे नेते नरसय्या आडम मास्तरांच्या मागे उन्हातान्हात उभ्या राहिल्या, आणि कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं उभी राहिली. पुढं त्याच बाजूला रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांनी त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण केलं. त्यात यंत्रमाग कामगारही आहेत. अव्वाची बहीण तिथं राहायला गेली. तिच्या घरी गेलो तर तिनं मला आधी नळ सोडून दाखवला, मग पंखा लावला, मग चहा. यंत्रमाग कामगाराच्या आयुष्यात गेल्या काही वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल मला विचाराल तर तो हा. तो वस्त्रोद्योग खात्याच्या नव्हे, गृहनिर्माण खात्याच्या वार्षिक अहवालात जातो.

तसं पाहिलं तर कुठल्या खात्यानं केलं याच्याशी अव्वाला काय घेणंदेणं? पण मला आहे. कारण उलट बाजूनंही हेच होतं. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि आठ जण गेले. मालक, त्याचं कुटुंब आणि कामगार, एकाच आवारात राहणारे. कापसाच्या मालाला लागलेली आग किती वेळ धुमसते हे ज्यांनी सूत हाताळलंय त्यांना माहीत आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या बाजूच्या एकाही शेडमधून मागाचा आवाज आला नाही, कुणी बंद ठेवायला सांगितलं नव्हतं. राहतं घर आणि कारखाना एका छपराखाली असणं ही सोलापूरची जुनी रीत. मालकाला दुसरं घर परवडत नाही, कामगाराला भाडं परवडत नाही. आगीची सुरक्षा महापालिकेकडे, कामगार दुसऱ्या खात्याकडे, वीज तिसऱ्याकडे, आणि वस्त्रोद्योगाच्या ताळेबंदात यातलं काही येत नाही, यायला रकानाच नाही. त्याच वर्षी २७ ऑगस्टला अमेरिकेचा पन्नास टक्के आयात कर लागू झाला. त्याच्या आधी आठवडाभर सरकारनं परदेशी कापसावरचा अकरा टक्के कर माफ केला, गिरण्यांना दिलासा म्हणून. कापूस पिकवणारे चिडले, तेही बरोबरच होतं. आमच्या गल्लीत हे सगळं एकाच वाक्यात पोचलं, "रात्रपाळी पुढच्या आठवड्यापासून नाही." अव्वाकडे येणारा टॉवेलांचा गठ्ठा निम्म्यावर आला. निर्यातीचा आकडा किती घटला ते अहवालात सावकाश छापून येईल. लावण्याच्या क्लासची फी त्याआधीच थकली होती, आणि ती अव्वानं विड्यांच्या पैशातून भरली.

मी अव्वाला काय सांगितलं ते लिहितो. तिला म्हटलं, "साडेचार कोटीत तुम्ही आहात, पण तुमचं नाव कुणी लिहून घेतलेलं नाही." तिला ते पटलं नाही. "नाव नाही तर हाय म्हणायचं कसं?" म्हणाली. मग लावण्यानं तिचं ई-श्रमवरचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवरचं, नोंदणीचं पान उघडून दाखवलं. तिथं मुख्य व्यवसाय विडी लिहिलेला होता, दुय्यम व्यवसायाचा रकाना मोकळा. नोंदणी करताना केंद्रावरच्या मुलानं तो विचारलाच नव्हता, आणि धागे काढणं हा व्यवसाय आहे असं अव्वालाही वाटलं नव्हतं. लावण्यानं तो त्याच रात्री भरला.

आता जनगणना येते आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये लोकसंख्येची मोजणी होईल, प्रगणक दारात येईल आणि बाईला विचारेल, काम काय करता. मागच्या वेळी, २०११ मध्ये, आमच्या गल्लीतल्या बायकांनी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवतं, कारण मी दोन-तीन घरी फॉर्म समजावून द्यायला गेलो होतो. "घरीच असते." मांडीवर टॉवेल असताना. प्रगणकानं तसंच लिहून घेतलं आणि त्यात त्याचाही दोष नव्हता. यंदा लावण्यानं गल्लीतल्या बायकांची एक यादी करायला घेतली आहे, कोण हेमिंग करते, कोण धागे काढते, कोण घड्या घालते, दिवसाला किती नग आणि नगाला किती पैसे. मी तिला वहीचे रकाने आखून दिले, उचलीचा पाचवा रकानाही ठेवायला सांगितला. यादी पूर्ण झाली की एक प्रत महापालिकेत, एक जिल्हाधिकारी कार्यालयात आणि एक दिल्लीला मंत्रालयाच्या पत्त्यावर पाठवायची असं ठरलं आहे. आतापर्यंत फक्त आमची आणि मागची, अशा दोन गल्ल्या झाल्यात. भद्रावती पेठेतल्या बायकांनी रविवारी बोलावलं आहे.